बडोद्यातून सायकलने कुठे जाता? आजवा, सिंधरोट, वढवाणा, गरुडेश्वर

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत पुण्याहून माझा आतेभाऊ आला होता. दारातली सायकल बघून म्हणाला, "बडोद्यात चालवतोस तरी कुठे? घाट नाही, टेकडी नाही, सगळं पाटासारखं सपाट." तेव्हा मला चटकन काही सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. गेली दोन वर्षं दर रविवारी मी सायकल काढतोय. उत्तर माझ्यापाशी होतं, कधी मांडलं नव्हतं एवढंच. आज मांडतो, आणि तुमच्याही वाटा हव्या आहेत.

आपल्याकडे डोंगर एकच, पावागढ. पण पाणी मात्र सगळ्या बाजूंना. पूर्वेला आजवा तलाव, पश्चिमेला मही नदी, दक्षिणेला ढाढर नदी ओलांडली की डभोई, वढवाणा आणि पुढे नर्मदामाई. मी आता वाट ठरवताना नकाशात आधी पाणी शोधतो, रस्ता नंतर.

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते आजव्याला. बायपासने गेलं तर वेळ वाचतो, पण मी मुद्दाम मांडवीखालून निघतो आणि पाणीगेटातून बाहेर पडतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे सहाला मांडवीत अजून काळोखच असतो. दुधाचे टेम्पो, फाफडावाल्याची नुकती पेटलेली शेगडी, देवळातली पहिली घंटा. आजवा चोकडीला, म्हणजे चौकात, हायवे ओलांडताना मी खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. तिथे आपण ट्रकवाल्याला दिसतो असं कधीही गृहीत धरू नका.

चोकडीनंतर घरं विरळ होत जातात आणि निमेट्याच्या अलीकडे शेतं लागतात. तूर, एरंडी, कपाशी. दव इतकं असतं की चष्मा दोनदा पुसावा लागतो आणि हँडलचं रबर ओलं लागतं. निमेट्याला आजव्याचं पाणी शुद्ध होतं आणि तिथून नळाने शहराकडे येतं, उताराने, पंपाच्या जोराशिवाय. सयाजीराव महाराजांनी १८९० च्या सुमारास हा तलाव करून घेतला आणि शहराचा पूर्व भाग आजही तेच पाणी पितो.

आता या सपाट मुलखात उतार कुठून आला? मी सांगतो, आहे. डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. जाताना पाय किंचित जड, येताना हलके. दर वेळी.

तलावाशी पोचलो की जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत जातो आणि अर्धा तास नुसता बसतो. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. मांडवीपासून जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर होतात. दहाच्या आत घरी.

सांगा आता, तुम्ही कुठे जाता?


कारेलीबाग_७०

धागा छान. आजव्याला मी जातो, पण उताराचं पटलं नाही. थंडीत आपल्याकडे वारा ईशान्येकडून असतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीत. तुमच्या मांड्यांना कळतो तो वारा.

आकडे बघा. आजव्याची पातळी आपण फुटांत ऐकतो, २११ वगैरे, म्हणजे साधारण ६४ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून ३९ मीटरच्या आसपास. वीस-बावीस किलोमीटरमध्ये २५ मीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वा मीटरही नाही. पाण्याला तेवढं पुरतं, नळातून ते बिचारं न थांबता येतं. माणसाच्या पायाला एवढं कळेल असं मला वाटत नाही.


निझामपुऱ्याची

मी ४३ वर्षांची. कॉलेजला असताना फतेगंजपर्यंत रोज सायकलने जायचे, नंतर सुटली ती सुटलीच. दोन महिन्यांपूर्वी मुलाची गियरची सायकल तो बाहेरगावी शिकायला गेला म्हणून घरात पडली, तीच चालवायला घेतली. सध्या फक्त कमाटी बागेला चकरा मारते. बाहेर जायचं मनात आहे, पण एकटीने नाही. बायकांना सोईचा, फार लांब नसलेला रस्ता कुठला? आणि पंक्चर झालं तर काय करता?


गोत्रीची मावशी

@निझामपुऱ्याची, अगं ये आमच्याबरोबर. आम्ही चौघी आहोत, एक ६१ वर्षांची आहे. आमचा ठरलेला रस्ता सेवासीवरून सिंधरोट. गोत्रीहून निघालं की सेवासी लगेचच लागतं. तिथली विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, एकदा खाली उतरून जरूर बघ. पायऱ्या उतरू तशी हवा गार होत जाते, मे महिन्यातसुद्धा. पुढे सिंधरोटपर्यंत रस्ता सरळ आहे. सकाळी भाजीचे टेम्पो शहराकडे येत असतात, आपल्या बाजूला वाहनं कमी.

महीकाठ मात्र सपाट नाही बरं का. नदीच्या अलीकडे मातीची कोतरं आहेत, पावसाने खोदलेली, दोन-दोन पुरुष खोल. आधी सगळं शेत आणि मग एकदम जमीन फाटल्यासारखी दिसते. त्यातून रस्ता खाली उतरतो आणि समोर पात्र येतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ असतं. थंडीत त्यावर धुकं असतं, इतकं दाट की पलीकडचा काठ साडेआठशिवाय दिसत नाही. पाण्यात मात्र उतरू नका. महीचा तळ फसवा आहे, आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरचं माणूस तिथे जातं.

पंक्चरचं: आपल्याकडे खिळे कमी, काटे जास्त. रस्त्याकडेला सगळी वेडी बाभूळ (गुजरातीत गांडो बावळ) माजलेली आहे, तिचा काटा तीन-चार सेंटीमीटरचा आणि सुईसारखा. गेल्या महिन्यात भर रस्त्यात माझं पुढचं चाक बसलं. आम्हा चौघींपैकी कुणी कधी पंक्चर काढलं नव्हतं, मोबाईलवर बघून शिकलो होतो तेवढंच. चाक काढलं, दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टायर रिमवरून उचकटलं, ट्यूब ओढली. हवा भरून ट्यूब गालाशी फिरवली तेव्हा बारीक फुंकर लागली. सँडपेपरने घासलं, सोल्युशन लावलं, पाच मिनिटं वाळू दिलं, ठिगळ दाबलं. ट्यूब परत घालणार एवढ्यात आमच्यातली ६१ वर्षांची म्हणाली, "थांबा, आधी काटा कुठाय?" टायरच्या आतून बोट फिरवलं तर टोक तिथेच रुतलेलं. तसंच बसवलं असतं तर शंभर पावलांवर पुन्हा फुस्स. नखाने निघेना, केसातल्या पिनेने काढला. एवढं शिक म्हणजे झालं: आधी काटा काढायचा, मग ठिगळ.


पाणथळ

मी सायकलपेक्षा पक्ष्यांसाठी फिरतो, पण वढवाण्याला गेली चार वर्षं सायकलनेच जातोय. गाडीने गेलं की धाडकन पोचतो आणि अर्धे पक्षी उडालेले असतात.

बडोद्याहून डभोई ३० किलोमीटर, पुढे वढवाणा. एका बाजूने साधारण ५० धरा. डभोईपर्यंत मोठा रस्ता आहे, केवडियाला जाणाऱ्या गाड्या भरधाव असतात, म्हणून रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहायचं आणि पहाटे पाचलाच निघायचं. मागे लाल दिवा हवाच. डभोई सोडलं की रस्ता लहान आणि मजा मोठी.

वढवाण्याचा तलावही गायकवाडांचाच, सयाजीरावांच्या काळात १९०९-१० ला शेतीसाठी बांधलेला. ओरसंगचं पाणी कालव्याने त्यात येतं. २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब येतात, मध्य आशियातून हिमालय ओलांडून. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, दुर्बिणीशिवायही ओळखता येतात. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक आणि हजारोंनी वारकरी. वारकरी म्हणजे काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. इतक्या संख्येने असतात की खरोखरच दिंडी निघाल्यासारखं वाटतं.

एक सांगतो. कादंब दिवसा पाण्यावर असतात आणि अंधार पडताना शेतांत चरायला जातात, पहाटे परत येतात. म्हणून नेमकं उजाडताना पाळीपाशी पोचलात तर थवे डोक्यावरून येतात. आधी आवाज येतो, आकाशात काहीच दिसत नाही. मग रांग दिसते. मी सायकल तशीच आडवी टाकून उभा राहतो. ते वीस मिनिटं चालतं आणि मग तलाव एकदम शांत होतो. ते बघायचं असेल तर आदल्या रात्री डभोईला मुक्काम करा. बडोद्याहून पहाटे निघून वेळेवर पोचणं मला एकदाच जमलं.


बखरवाचक

डभोईच्या रस्त्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आपण मराठी माणसं या रस्त्याने सायकल हाणत जातो आणि भिलापूरला ढाढरच्या पुलावर पाणी प्यायला थांबतो. १ एप्रिल १७३१ ला याच पट्ट्यात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर उभे राहिले. दोन्हीकडे मराठी फौजा. भांडण गुजरातच्या चौथाईवरून. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. त्रिंबकराव त्या दिवशी पडले. बडोद्याचं गायकवाडी राज्य पुढे कसं उभं राहिलं ते समजून घ्यायचं तर सुरुवात या शेतांपासून करावी लागते. तिथे आज कपाशी आहे. मी दर वेळी पुलावर पाच मिनिटं थांबतो.

डभोईत शिरताना वडोदरी भागोळ (भागोळ म्हणजे वेस) लागते, पण सायकल तशीच गावातून पूर्वेला हिरा भागोळीपर्यंत न्या. तेराव्या शतकातलं दगडी काम आहे, वाघेला राजा विसलदेवाच्या काळातलं. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा हत्तींच्या आणि नर्तकींच्या ओळी उठून दिसतात, दुपारी गेलं तर सगळं सपाट दिसतं. आगगाडीची आवड असणाऱ्यांसाठी: डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लाईन खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये टाकली आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे. रूळ इंजिनाचं वजन पेलण्याइतके मजबूत नव्हते.


वाडीकर

मी ७६ वर्षांचा, वाडीत जन्मलो, वाडीतच राहतो. लेकीने हा धागा वाचून दाखवला, आता तीच टाईप करते आहे.

आमच्या लहानपणी सायकल विकत घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं. चौकात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तासाचे पंधरा पैसे. वहीत नाव लिहायचं, वडिलांचं नाव लिहायचं, मग सायकल मिळायची. आधी कैची, म्हणजे नळीखालून पाय घालून, मग नळीवरून, सीटवर बसायला पाय पुरेपर्यंत दोन वर्षं गेली. १९६४ च्या सुट्टीत आम्ही पाच जण तीन सायकलींवर आजव्याला गेलो. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिदोरीला दशम्या आणि लसणाची चटणी होती, पाणी वाटेतल्या विहिरीचं.

@मांजलपूरकर, तुमचं उताराचं बरोबर आहे. @कारेलीबाग_७०, तुमचे आकडे बरोबर असतील, पण आम्ही ते मोजलेलं आहे. निमेट्याच्या अलीकडे एक वड होता. तिथून येताना जोरात पायडल मारायचं, वडाशी आलं की पाय सोडून द्यायचे. कुणाची सायकल कुठपर्यंत जाते त्यावर पैज. जाताना हीच पैज लावली तर सायकल लवकर थांबायची. सगळ्यांची. आमच्यातला एकजण पुढे पाणीपुरवठ्यात नोकरीला लागला, त्याने नंतर सांगितलं की महाराजांनी तलावाची जागाच तशी बघून घेतली होती.


कारेलीबाग_७०

काका, तुमच्या पैजेत वाऱ्याचा हिशोब होता का? मे महिन्याची सुट्टी असेल तर वारा नैऋत्येचा, म्हणजे येताना समोरून. तरीही येताना जास्त लांब जात होती? तसं असेल तर मी माझं म्हणणं मागे घ्यायला तयार आहे.


वाडीकर

मेच होता. आंबे होते म्हणून आठवतं. वारा मात्र आठवत नाही.


उत्तरायणवाला

मंडळी, वाऱ्याचं नंतर बघा. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं अशी हात जोडून विनंती.

गेल्या वर्षी ११ जानेवारीला सकाळी पावणेनऊला मी मकरपुऱ्याकडून घरी येत होतो. वेग फार नव्हता. समोर काही दिसलं नाही. एकदम डाव्या अंगठ्याला काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि हात ओला लागला. मांजा दोन घरांच्या गच्च्यांमधून रस्त्यावर आडवा आला होता आणि हँडलवर धरलेल्या हातावर आला. अंगठ्याला सात टाके पडले. हात खाली होता म्हणून अंगठा. थोडा उंच असता तर गळा.

तेव्हापासून माझ्या सायकलच्या हँडलला वाकवलेली सळई आहे, स्कूटरला लावतात तशीच. वेल्डिंगवाल्याकडून वजनाला हलकी करून घेतली, डोक्याच्या वर वीतभर येते. दिसायला ओबडधोबड आहे, पण १ डिसेंबरला चढते आणि फेब्रुवारीत उतरते. गळ्याला जाड मफलर दोन वेढे. चष्मा. आणि १४-१५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, सायकल काढायचीच नाही. त्या दोन दिवसांत पतंग उडवा. दुसरी गोष्ट, सण झाल्यावर आठवडाभर झाडांवरून, तारांवरून दोरे लोंबत असतात. ते चाकात, गियरमध्ये जातात. मागच्या चाकाच्या दातऱ्यांत गुंतलेला मांजा मी ब्लेडने पाऊण तास काढत बसलो आहे.

आणि वाटेत जखमी पक्षी दिसला तर त्याच्यावर रुमाल टाका, खोक्यात ठेवा, पाणी पाजायला जाऊ नका. त्या दिवसांत शहरात उपचाराची केंद्रं चालू असतात, तिथे न्या.


निझामपुऱ्याची

बापरे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मफलर आजच काढून ठेवते.

@गोत्रीची मावशी, येत्या रविवारी येते मी. किती वाजता?


गोत्रीची मावशी

साडेसहा, गोत्री तलावापाशी. बरोबर पाण्याची बाटली, एक केळं आणि सुटे पैसे. मोबाईलला पूर्ण चार्ज. बाकी सगळं आहे आमच्याकडे.


पादरा_रोड

पादऱ्याच्या बाजूबद्दल कुणीच लिहिलं नाही. भायलीवरून पादरा हा माझा आवडता छोटा फेरा. भाजीचा मुलूख आहे. पहाटे पाठीमागून भोपळ्याची, गवारीची, पालकाची पोती भरलेले छकडे येतात. आधी मी पादऱ्याहून पुढे महीपर्यंत जायचो आणि पलीकडे उतरायचो. ९ जुलै २०२५ ला मुजपूर-गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली, तेव्हापासून तो फेरा बंद. जुन्या नकाशांवर आणि जुन्या लेखांत अजून तो रस्ता दाखवतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पादऱ्याहूनच परत फिरा.


पावागढप्रेमी

चढ नाही म्हणणाऱ्या आतेभावाला माझ्याकडे पाठवा. जरोद, हालोल करत पावागढाच्या पायथ्याचं चांपानेर ५० किलोमीटरच्या आत येतं आणि तिथून डोंगरावरच्या माचीपर्यंतची वळणं चढून दाखवायची.

पण खरं सांगू? आता मी माची चढत नाही. रविवारी जीपा आणि यात्रेकरूंच्या गाड्या इतक्या असतात की वळणावर श्वास घेताना धूरच आत जातो. मी खाली चांपानेरमध्येच फिरतो. २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं गाव, आणि त्याच्या गल्ल्यांमधून सायकलने फिरता येतं. जामी मशीद बघून वडा तलावापाशी जायचं. काठावर पडकी वास्तू, पाण्यात पावागढाचं प्रतिबिंब, शेळ्या. हालोलकडून येताना डाव्या-उजव्या हाताला लक्ष ठेवा, रस्त्यालगत पेचदार विहीर आहे, भिंतीला लागून गोल गोल पायऱ्या उतरतात. गाडीतले लोक ती बघायला थांबतच नाहीत.

हालोल रस्त्यावर एकच बजावतो: कारखान्यांचे ट्रक. शिफ्ट सुटायच्या वेळेला तो रस्ता टाळा.


पाणथळ

@पावागढप्रेमी, आपली विश्वामित्री तिथूनच निघते, पावागढात. काळ्या घोड्याजवळच्या, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळच्या पुलावर उभं राहून खाली मगरी बघणाऱ्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. सायकलने एकदा उगमाकडे जाऊन आल्यावर मला ऑगस्ट २०२४ चा पूर नीट कळला. नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची खूण २६ ची. वर डोंगरात पाऊस, आजव्यातून सोडलेलं पाणी, आणि खाली शहरात नदीला पसरायला उरलेली जागा एवढीशी. त्या कोरड्या ओढ्यांवरून सायकल नेताना दिसतं की पाण्याची वाट कुठे कुठे बुजवली आहे. माझ्या घरात तीन दिवस गुडघाभर पाणी होतं.


दत्तदास

मी वर्षातून एकदाच लांब जातो, मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधीच्या शनिवारी. बडोदा ते गरुडेश्वर. डभोई, तिलकवाडा करत साधारण ८० किलोमीटर.

टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये तिथे देह ठेवला. आमच्या आजोबांच्या तोंडी गरुडेश्वर आलं की हात आपोआप जोडले जायचे. ते पायी गेले होते, वडील एसटीने गेले, मी सायकलने जातो. साडेचारला घरून निघतो, डभोईला चहा, तिलकवाड्याच्या पुढे मात्र जमीन हलू लागते, छोटे छोटे चढ-उतार येतात. ६५-७० किलोमीटर झालेल्या पायांना तेच फार वाटतात. शेवटच्या चढावर मी उतरून चालतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. नर्मदेच्या घाटावर पाय सोडून बसलं की अर्ध्या तासाने पोटऱ्या सैल होतात. रात्री मुक्काम, सकाळी काकडआरती, मग परत.

चांदोदला जाऊन यायचं असेल तर डभोईहून फाटा आहे. ओरसंग आणि नर्मदेचा संगम. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गरुडेश्वराऐवजी तेच करावं, अंतर बरंच कमी आहे.


सुरसागरकाठ

इतक्या लांबच्या वाटा वाचून दडपण आलेल्यांसाठी माझी दीड तासाची वाट. सुरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी, मग परत फिरून दांडिया बाजारातून काळा घोडा, आणि कमाटी बाग. १८७९ ची बाग, सायकल फाटकाशी लावून आत चालत जायचं. आत संकल्पभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१७ ला बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची नोकरी सोडून निघाले, या शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही म्हणून. गाडीची वाट बघत ते याच बागेत एका वडाखाली बसून राहिले होते. आम्ही बडोद्याच्या महाराजांचं कौतुक करताना थकत नाही आणि ते योग्यच आहे. पण मी सकाळी तिथे जातो तेव्हा शहराच्या त्या दिवसाचीही आठवण ठेवतो.


मांजलपूरकर

मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत, मनापासून आभार. आतेभावाला दुवा पाठवला आहे.

आता कालची हकीकत. वाडीकर काकांशी फोनवर बोलणं झालं आणि ते म्हणाले, "मी येतो." लेकीचा विरोध होता. शेवटी असं ठरलं की नातू स्कूटरवरून बरोबर राहील. काकांची सायकल २२ इंची, काळी, मागे कॅरियर, ब्रेक सळयांचे. तेलपाणी त्यांनी स्वतः केलं होतं. @कारेलीबाग_७० पण आले, मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघून मुद्दाम असा दिवस निवडला की सकाळी वारा जवळजवळ नाही.

काकांनी पाणीगेट ते निमेटा सायकल चालवली. मध्ये तीन वेळा थांबलो. वड काही सापडला नाही. काकांनी एका ठिकाणी थांबून इकडेतिकडे बघितलं, पुढे गेले, मागे आले, आणि म्हणाले, "रस्ता रुंद केला तेव्हा गेला असेल." मग आम्ही किलोमीटरच्या एका दगडाला वडाची जागा दिली.

तिघांनीही केलं. वेग सारखा राहावा म्हणून सायकलच्या मीटरवर २० आला की दगडाशी पाय सोडायचे. आजव्याकडे तोंड करून माझी सायकल १४१ पावलं गेली. शहराकडे तोंड करून १९० पावलं. कारेलीबागवाल्यांची १५३ आणि २०१. त्यांनी दोन्हीकडून दोनदा केलं, मग चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

काकांच्या सायकलला मीटर नाही, म्हणून त्यांनी आपल्या अंदाजाने पायडल मारलं. शहराकडे येताना दगडाशी पाय सोडले आणि दोन्ही पाय थोडे फाकवून, जमिनीपासून उचलून धरले. नातू स्कूटर थांबवून मागून बघत होता. सायकल हळू होत गेली, हळू होत गेली, एका एरंडीच्या शेताच्या कडेला थांबली. आम्ही पावलं मोजत गेलो. २१७.